समदुःखितांची सोबत

ज्याचें जळतें त्यालाच कळतें, असें मराठींत म्हणतात. दुखणाइताच्या उशाशीं बसणाऱ्या आप्तेष्टांच्या मायेला तोड नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या ज्ञानालाहि पर्याय नसतो. तरी या दोघांनाहि न उमगणारें असें कांहीं तरी दुखणाइताच्या मनांत उरतेंच. तें ज्याला अर्ध्या शब्दांत सांगावें आणि ज्यानें तें लगेच ओळखावें, असा मनुष्य म्हणजे त्याच दुखण्यांतून जाणारा दुसरा दुखणाईत. नेहमींच्या आजारांत असा मनुष्य शेजारच्या बिऱ्हाडांतहि भेटतो. पण आजार दुर्मिळ असला आणि वेगानें प्राणावर येणारा असला, तर या सोबतीची ज्याला सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती सर्वांत दुर्लभ होते. रक्ताच्या कर्करोगांत उद्भवणारें 'रिक्टरचें रूपांतर' हें या विसंगतीचें ठळक उदाहरण होय. त्या आजाराची हकीकत आणि रुग्णांनीं एकमेकांना शोधून काढल्याची हकीकत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परंतु आज त्या एका ठिकाणीं येऊन मिळाल्या आहेत.

१८४५ सालीं बर्लिनमध्यें रुडॉल्फ फिर्खो आणि एडिंबरोमध्यें जॉन ह्यूज बेनेट या दोन डॉक्टरांनीं, एकमेकांच्या मदतीवांचून, एका विलक्षण व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें. मृत रुग्णांच्या रक्तांत वर्णहीन पेशींची बेसुमार गर्दी त्यांना आढळली होती. १८४७ सालीं फिर्खो यांनीं ग्रीक शब्दांवरून या व्याधीला 'ल्युकेमिया', म्हणजे पांढरें रक्त, असें नांव दिलें. हा एकच रोग नसून रोगांचें एक कुटुंब आहे, हें पुढें कळून आलें. त्या कुटुंबांतील सर्वांत संथ प्रकृतीचा सभासद म्हणजे 'क्रॉनिक लिंफॉसिटिक ल्युकेमिया'. तो बहुधा उतारवयांत होतो. पाश्चात्त्य देशांतील प्रौढांत ल्युकेमियाचा हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. भारतांत त्याचें प्रमाण त्या मानानें पुष्कळच कमी आहे. कित्येक रुग्ण औषधाच्या एका गोळीवांचूनहि केवळ नियमित तपासणीवर वर्षानुवर्षें चांगले राहतात. कोणत्या रुग्णानें थांबावें आणि कोणावर लगेच उपचार करावे, हें ठरविण्यास उपयोगी पडणारी पायऱ्यांची पद्धति १९७५ सालीं अमेरिकेंत डॉ. कांति राई व त्यांचे सहकारी यांनीं घालून दिली. हे डॉ. राई मूळचे जोधपूरचे.

या संथ रोगाच्या पोटांत एक उग्र रोग दडलेला असूं शकतो, ही गोष्ट मात्र त्यापूर्वींच उघडकीस आली होती. १९२८ सालीं न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ मॉरिस रिक्टर यांनीं एका ४६ वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरांतील लसिकाग्रंथि, यकृत व प्लीहा हीं झपाट्यानें वाढलीं, आणि अल्पावधींतच त्याचा अंत झाला. शवपरीक्षेंत जुन्या ल्युकेमियाच्या लहान पेशींबरोबरच मोठाल्या, निराळ्याच रूपाच्या पेशींचीहि दाटी झालेली दिसली. १९६४ सालीं लॉर्तोलारी व त्यांचे सहकारी या फ्रेंच डॉक्टरांनीं या अवस्थेला रिक्टर यांचें नांव दिलें. या संथ ल्युकेमियाच्या शंभर रुग्णांपैकीं सुमारें दोन ते दहा जणांच्या वांट्यास ती येते. मानेंतील किंवा काखेंतील एखादी गांठ एकाएकीं वाढते, ताप येतो, वजन उतरतें. आणि त्या गांठीचा तुकडा काढून तपासला असतां वेगानें पसरणारा लिंफोमा आढळतो. नित्याच्या केमोथेरपीनें अशा रुग्णांचें सरासरी आयुष्य एक वर्षाच्या आसपासच राहत आलें आहे. ज्यांना उपचाराचा गुण येतो अशा थोड्यांना मूलपेशींच्या रोपणानें अधिक काळ मिळूं शकतो.

या आंकड्यांमागें मनाची जी उलथापालथ होते, ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. संथ ल्युकेमियाच्या रुग्णानें धीर धरण्याची विद्या वर्षानुवर्षें शिकलेली असते. रक्ताच्या तपासणींतील आंकडे थोडे वरखालीं झाले तरी घाबरावयाचें नाहीं, हें त्यानें मनावर बिंबवून घेतलेलें असतें. आणि एका आठवड्यांत ती सारी विद्या निरुपयोगी ठरते! काल 'घाई नको' असें सांगणारे डॉक्टर आज 'उशीर नको' असें सांगूं लागतात. घरच्या माणसांना आजाराचें नांव जुनेंच वाटतें. आजार मात्र नवा असतो. अशा वेळीं आपल्यासारखा दुसरा कोणी आहे काय, तो काय करतो, कसा राहतो, हा प्रश्न रुग्णाच्या मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं.

समदुःखितांना हेतुपूर्वक एकत्र आणण्याचा जो प्रयोग पुढें विशेष गाजला, तो कर्करोगासाठीं नव्हे, तर क्षयासाठीं झाला. १९०५ सालीं बोस्टन शहरांत डॉ. जोसेफ प्रॅट यांनीं गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग काढला. सॅनिटोरियमचा खर्च या मंडळींना झेपणारा नव्हता. म्हणून त्यांनीं घरींच विश्रांति, मोकळी हवा व सकस अन्न यांचे नियम पाळावे, रोजची टिपणवही ठेवावी आणि आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें, अशी योजना होती. खर्चाचा भार तेथील इमॅन्युएल चर्चनें उचलला. प्रॅट यांचा मूळ उद्देश केवळ आरोग्याचे नियम शिकविण्याचा होता. परंतु त्यांना दिसून आलें तें निराळेंच. एकाचें वजन वाढलें कीं साऱ्या वर्गाला आनंद होई, खचलेल्याला दुसऱ्याची वही पाहून उमेद येई, आणि भिन्न वंशाचीं व भिन्न पंथांचीं माणसें एका रोगाच्या नात्यानें परस्परांचीं स्नेही होत. औषधाच्या यादींत नसलेलें हें औषध वैद्यकाच्या इतिहासांत असें जवळजवळ अनपेक्षितपणेंच दाखल झालें.

कर्करोगाच्या बाबतींत ही वाट अधिक बिकट होती. कारण त्या रोगाचें नांवहि उघडपणें घेतलें जात नसे. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर या बाईंवर स्तनाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हां वर कसा उचलावा, कपडे कसे बेतावे, नवऱ्याला व मुलांना काय सांगावें, हें सांगणारें त्यांना कोणी भेटलें नाहीं. तेव्हां इतर स्त्रियांना तें सांगण्यासाठीं त्या स्वतःच रुग्णालयांतून त्यांच्या खाटांपाशीं जाऊं लागल्या. वैद्यकाची पदवी नसलेल्या बाईची ही ढवळाढवळ अनेक शल्यवैद्यांना खपली नाहीं. तरी 'रीच टु रिकव्हरी' हें त्यांचें कार्य टिकलें, आणि १९६९ सालीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें तें आपल्या छत्राखालीं घेतलें.

रक्ताच्या कर्करोगाच्या क्षेत्रांत पहिलें पाऊल टाकलें तें शोकाकुल आईबापांनीं. १९४४ सालीं रॉबर्ट रोस्लर द व्हिलिअर्स हा सोळा वर्षांचा मुलगा ल्युकेमियानें गेला. १९४९ सालीं त्याच्या मातापित्यांनीं त्याच्या नांवें न्यूयॉर्कमध्यें एक निधि स्थापन केला. त्यांतूनच आजची 'ल्युकेमिया अँड लिंफोमा सोसायटी' उभी राहिली. आरंभीं संशोधनास साहाय्य करणाऱ्या या संस्थेनें पुढें, तोच आजार भोगलेल्या स्वयंसेवकाची नव्या रुग्णाशीं दूरध्वनीवरून गांठ घालून देण्याचीहि व्यवस्था केली. दुर्मिळ आजाराच्या दृष्टीनें ही व्यवस्था फार मोलाची आहे. कारण एका गांवांत न भेटणारा सोबती दुसऱ्या प्रांतांत असूं शकतो.

आयोवा राज्यांतील बर्लिंग्टन गांवीं राहणारे वृत्तपत्रकार ऑर्व्हिल केली यांना १९७३ सालीं असाध्य लिंफोमा झाल्याचें कळलें. स्नेहीमंडळी त्या विषयाला बगल देत. घरांतहि मुकाट्यानें दिवस जाऊं लागले. केली यांनीं ही कोंडी फोडून स्थानिक वृत्तपत्रांत लेख लिहिला आणि आपल्यासारख्या इतरांना साद घातली. १९७४ सालीं त्यांतून 'मेक टुडे काउंट' ही संस्था निघाली, आणि तिच्या शाखा अनेक गांवीं पसरल्या. आजचा दिवस सार्थकीं लावावा, एवढेंच तिचें सूत्र होतें. केली १९८० सालीं वारले. परंतु मरणाविषयीं मोकळेपणीं बोलणें म्हणजे आशा सोडणें नव्हे, हें त्यांनीं दाखवून दिलें होतें.

मग या सोबतीनें आयुष्य वाढतें काय? १९८९ सालीं डॉ. डेव्हिड स्पीगल यांनीं स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत परस्पर-आधाराच्या मंडळांत बसणाऱ्या स्त्रिया सरासरीनें सुमारें ३७ महिने, तर इतर सुमारें १९ महिने जगल्याचें दिसलें. या वार्तेनें मोठी खळबळ उडाली. परंतु २००१ सालीं कॅनडांतील २३५ स्त्रियांच्या मोठ्या प्रयोगांत दोन्ही गटांचें आयुष्य जवळजवळ सारखेंच, अठरा महिन्यांच्या आंतबाहेर, भरलें. स्पीगल यांनीं स्वतः पुन्हां केलेल्या प्रयोगांतहि पूर्वींचें फळ सर्वसाधारणपणें मिळालें नाहीं. मात्र कॅनडाच्या प्रयोगांत एक गोष्ट सिद्ध झाली: मंडळांतील स्त्रियांचें मानसिक दुःख कमी झालें आणि त्यांना वेदनाहि कमी जाणवल्या. सोबतीनें दिवस वाढले नाहींत. वाढ्यास आलेले दिवस सुसह्य झाले. हा निर्णय कोणास निराशाजनक वाटेल. वस्तुतः तो फार आश्वासक आहे. आयुष्य वाढविण्याचा भार सोबतीवर न टाकल्यामुळें, ज्याचा आजार बळावला तो मनानें कमी पडला, असा क्रूर आरोप त्यावर कोणास करतां येत नाहीं.

रिक्टरच्या रुग्णाला या सोबतींत एक विशेष अडचण येते. संथ ल्युकेमियाच्या मंडळांत तो वर्षानुवर्षें वावरलेला असतो. परंतु रूपांतर होतांच सर्वांच्या मनांतील दडलेलें भय त्याच्या रूपानें समोर येऊन बसतें. अशा वेळीं कोणी गप्प होतात, तर कोणी नको तितकें धीराचें बोलतात. खरी कसोटी येथेंच लागते. दुसरी अडचण अशी कीं, सारख्या नांवाखालीं सारखाच आजार असतो असें नाहीं. सुमारें ८० टक्के रुग्णांत नवा लिंफोमा जुन्या ल्युकेमियाच्या पेशींपासूनच निघालेला असतो. उरलेल्यांत तो स्वतंत्र उगमाचा असून त्याचा परिणाम बहुधा अधिक चांगला होतो. म्हणून एकाला आलेला गुण किंवा एकाचा झालेला अंत हें दुसऱ्याचें भविष्य मानतां येत नाहीं. गांठ वाढली तर तुकडा तपासून घेण्यास दिरंगाई करूं नका, डॉक्टरांना अमुक प्रश्न विचारा, नव्या औषधाची चांचणी कोठें चालू आहे याची चौकशी करा, इतकें सोबत्यानें सांगावें. औषध मात्र सांगूं नये. तिसरी अडचण सर्वांत कठीण: आज धीर देणारा सोबती उद्यां नसतो. तेव्हां त्याची पत्नी किंवा मुलगा पुष्कळदां मागें राहून नव्या कुटुंबाला वाट दाखवितो, आणि सोबतीची परंपरा तुटत नाहीं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाहीं. १९४१ सालीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून दूरदूरच्या प्रांतांतील कुटुंबें तेथें येत आलीं आहेत. त्यांतील कित्येकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेंत आसरा मिळत आला आहे. भाषा वेगळी, अन्न वेगळें, पण आजार एक, अशीं माणसें तेथें एका छपराखालीं येतात. प्रॅट यांच्या वर्गाचेंच हें एक रूप म्हणावयास हरकत नाहीं. कर्करोगांतून उठलेल्या वंदना गुप्ता यांनीं १९९४ सालीं मुंबईंत काढलेली 'व्ही केअर' ही संस्थाहि याच विचारावर उभी आहे. परंतु ज्या देशांत मूळ ल्युकेमियाच कमी, तेथें त्याचें रूपांतर झालेला रुग्ण अधिकच एकटा पडतो. डॉक्टरांनीं त्याला उपचाराच्या कागदाबरोबरच, संबंधितांची संमति घेऊन, अशाच एखाद्या कुटुंबाचा पत्ता मिळवून दिला, तर त्यास खर्च कांहींच नाहीं. बोस्टनच्या गरीब क्षयरोग्यांनीं १९०५ सालीं जें जाणलें, तें एवढेंच होतें: दुःख वांटल्यानें रोग हटत नाहीं, पण तो एकट्याचा राहत नाहीं.