प्रो कबड्डी : ‘सर्वाधिक मूल्यवान’ खेळाडू कोणाला म्हणावे?

प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून पहिलेच विजेतेपद पटकाविले. हंगामातील सर्वाधिक मूल्यवान खेळाडूचा मान हरियाणाच्या मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूला मिळाला. पाटण्याच्या देवांक दलालने चढाईत ३०१ गुण मिळविले होते. शादलुईच्या खात्यावर चढाई आणि पकड मिळून १३९ गुण होते.

निम्म्याहून कमी गुण मिळविणारा खेळाडू अधिक मूल्यवान कसा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी खेळाच्या नियमांत आहे. चढाईपटू एकाच चढाईत दोन-तीन गडी टिपू शकतो, शिवाय बोनस गुणही मिळवितो. यशस्वी पकडीला मात्र सहसा एकच गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असतानाच तिचे दोन गुण होतात. प्रतिस्पर्ध्याचा प्रमुख चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, तर तो बसून राहिल्याने संघाचा जो लाभ होतो, त्याची नोंद पकड करणाऱ्याच्या खात्यावर होत नाही. त्यामुळे चढाईच्या आणि पकडीच्या गुणांची थेट तुलना फसवी ठरते.

ही अडचण केवळ बचावपटूंपुरती नाही. २०१९ च्या सातव्या हंगामात बंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने चढाईत ३४६ गुण मिळविले, परंतु त्याचा संघ उपांत्य फेरीत दबंग दिल्लीकडून पराभूत झाला. सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरला तो दिल्लीचा नवीन कुमार. दिल्लीला अंतिम सामन्यात बंगाल वॉरियर्सने हरविले, तरी पुरस्कार नवीनकडेच राहिला.

पहिल्या अकरा हंगामांची यादी पाहिली, तर या पुरस्काराचा प्रत्येक मानकरी अंतिम फेरी गाठलेल्या संघातील असल्याचे दिसते. २०१४ मध्ये यू मुंबाचा अनुप कुमार आणि २०१५ मध्ये बंगळुरूचा मनजित छिल्लर हे तर उपविजेत्या संघांचे होते. म्हणजे विजेतेपद अनिवार्य नाही. पण अंतिम फेरीबाहेरच्या खेळाडूला आजवरच्या त्या यादीत जागा मिळालेली नाही. तळाच्या संघाला एकट्याने सावरणाऱ्या खेळाडूवर हा अन्यायच म्हणावा लागेल.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने यावर वेगळा मार्ग काढला आहे. तेथे पत्रकार मतदान करतात आणि केवळ साखळी सामन्यांतील कामगिरी विचारात घेतली जाते. अंतिम मालिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. तरीही वाद संपलेले नाहीत. २०१७ मध्ये रसेल वेस्टब्रूक मानकरी ठरला, तेव्हा त्याचा ओक्लाहोमा सिटी थंडर संघ आपल्या विभागात सहाव्या स्थानी होता. अंतिम मालिकेचा पुरस्कार पराभूत संघाकडे गेल्याचे उदाहरण एकच, १९६९ मधील जेरी वेस्टचे.

मराठी क्रीडारसिकांना अधिक जवळचे उदाहरण प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुणेरी पलटणने हरियाणावर २८-२५ अशी मात करून पहिले विजेतेपद मिळविले. चढाईच्या गुणांत पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार पहिल्या पाचांतही नव्हता. दुसरीकडे त्याच संघातील एका कोपरारक्षकाने पकडीचे ९९ गुण घेऊन सर्व बचावपटूंना मागे टाकले होते. तरी सर्वाधिक मूल्यवान खेळाडू म्हणून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लमची निवड झाली. पलटणचे यश अनेकांत वाटलेले होते. चढाई, प्रसंगी पकड आणि नेतृत्व अशा तिहेरी जबाबदारीला तेथे गुणतक्त्याहून अधिक वजन मिळाले, असे या निवडीचे समर्थन करता येते. मागे राहिलेला तो कोपरारक्षक शादलुईच होता.