वाचनालयाच्या जमाखर्चाचे शतक

बडोद्यात 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसू लागली. त्या योजनेचे खरे बळ पैशाच्या हिशेबात होते. गावाने वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम सरकार देणार आणि तेवढीच पंचायत. गावाचा वाटा जमला नाही तर पुढचे दोन्ही वाटे अडणार, म्हणून लोक स्वतः दारोदार फिरत.

मराठी मुलखातली जुनी वाचनालये मात्र वर्गणी आणि देणगीवरच उभी राहिली. पुणे नगर वाचन मंदिर 1848चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 साली झाला. मद्रासच्या 1948च्या कायद्यात ग्रंथालय कर होता. महाराष्ट्राने तो टाळून अनुदानाची वाट धरली. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि अंदाजपत्रकाच्या जमा बाजूला अनुदान हा सर्वांत मोठा आकडा होऊन बसला. ते उशिरा आले की ग्रंथपालाचा पगार थकतो, मग पुस्तक खरेदी लांबते.

वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा बहुतेक सभासदांची नजर शिल्लक रकमेवर जाते. त्या शिलकीत सभासदांची अनामतही असू शकते आणि ती परत करायची असते. तेव्हा पुढच्या सभेला जरूर जा, आणि ग्रंथखरेदीसाठी किती रक्कम ठेवली आहे, हे आधी विचारा.