खडखड्यातला बापमाणूस

दरवर्षी २६ जूनला कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतात, मिरवणुका निघतात, शाळेतली पोरं भाषणं पाठ करतात. त्या भाषणांतले राजर्षी शाहू कायम फेटा बांधलेले, तलवार टेकून उभे. आमच्या घरात महाराज या वेशात कधी आलेच नाहीत. आजोबांच्या बोलण्यातले महाराज धुळीनं माखलेले असत, हातात घोड्यांचे लगाम असत, आणि ते भेटत ते रस्त्यावर नाहीतर बांधावर.

आमची शेती पंचगंगेपलीकडे, सोनतळीच्या वाटेला. तिथल्या माळावर महाराजांचा कॅम्प होता. वाड्यापेक्षा त्यांचा जीव तिथेच जास्त रमायचा. नवी घोडी गाडीला सरावावीत म्हणून जो अवजड, उघडा गाडा जुंपत, तो खडखडा. महाराज तो स्वतः हाकत. आजोबा तेव्हा कळत्या वयाचे झाले होते. लांबून आवाज आला की भांगलणाऱ्या बायका खुरपी टाकून उभ्या राहायच्या आणि कुणीतरी ओरडायचं, "म्हाराज आलं!" आजोबा सांगायचे, वाटेत दिसेल त्या पोराला महाराज वर ओढून घ्यायचे. कुणाचं पोर, कुठल्या वाड्यातलं, हे विचारायचेच नाहीत. पोर खाली उतरायचं ते दोन दिवस कुणाशी सरळ बोलायचं नाही, एवढं फुगलेलं असायचं.

माणूस धिप्पाड, तालमीत घुमलेला. कुस्तीचं वेड एवढं की १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, तिथं रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि परत आल्यावर खासबागचं मैदान उभं करायचं मनावर घेतलं. १९१२ मध्ये ते झालं. शिकारीसाठी चित्ते पाळले. हत्तीला अंगावर घेऊन चुकवायची साठमारी भरवली, तिच्या नावाचा भाग शहरात आजही आहे. हे सगळं राजेशाही शौकांच्या यादीत टाकून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला जी माणसं दिसतात ती दिवाणखान्यात बसणाऱ्याला दिसत नाहीत. फासेपारध्यांना सरकार गुन्हेगार म्हणून रोज हजेरीला उभं करत होतं. रानात त्यांची नजर, त्यांचं पायाखालचं ज्ञान महाराजांनी पाहिलं होतं. त्यांनी त्यांना कामावर घेतलं, पहाऱ्यावर ठेवलं, सोनतळीच्या आसपास वसवलं, आणि १९१८ मध्ये असल्या जमातींची हजेरीच बंद केली.

गंगाराम कांबळेंची गोष्ट तर कोल्हापुरात प्रत्येक घरात वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात. पागेत चाकरीला असलेल्या, अस्पृश्य ठरवलेल्या गंगारामांनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. सुरुवातीला तिथं कुणी फिरकेना. मग महाराजांची गाडी दारात थांबू लागली. ते गाडीतच बसून चहा मागवत आणि बरोबरच्या मानकऱ्यांच्याही हातात कप देत. आमचे आजोबा हे सांगताना मानकऱ्यांचा चेहरा करून दाखवायचे, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणायचे, "पयला घोट म्हाराजांनी घेतला, म्हणून आपून शिकलो."

घरची गोष्ट मात्र आजी सांगायची. तिला राज्यकारभाराशी देणंघेणं नव्हतं. महाराज बाप कसे होते, सासरे कसे होते, यात तिचा जीव.

१८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. १८९४ मध्ये राज्याची सूत्रं हाती आली, त्याच वर्षी राधाबाई जन्मल्या, सगळ्यांच्या आक्कासाहेब. १८९७ मध्ये राजाराम, १८९९ मध्ये शिवाजी. आऊबाई नावाची एक लेक लहानपणीच गेली. राजाराम जन्मले तो काळ दुष्काळाचा, पाठोपाठ प्लेग आला. महाराज घोड्यावरून गावोगाव फिरत होते. दुष्काळी कामांवर दगड फोडणाऱ्या बायकांची तान्ही पोरं उन्हात पडलेली असत. त्यांना सांभाळायला महाराजांनी बालसंगोपनाची सोय लावली. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट. घरात पाळणा हलत असलेल्या माणसालाच ती सुचली असणार, असं आजी ठामपणे म्हणायची, आणि मीही तिच्याच बाजूचा आहे.

भोगावतीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९०८ मध्ये वसवलेल्या गावाला लेकीचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला राणीचं, लक्ष्मी तलाव. पैसा कमी पडला, १९१८ च्या सुमारास काम अर्ध्यावर थांबलं आणि धरण पुरं झालं ते पन्नाशीच्या दशकात. ते पाणी महाराजांच्या नजरेला पडलं नाही.

१९१८ चा जून या घराला फार वाईट गेला. धाकटे शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय विशीच्या आतलं. ज्या रानावर बापानं जीव लावला, जिथं लेकाला घोडा शिकवला, तिथंच. आजी इथं नेहमी थांबायची, पदर तोंडाशी धरायची. वर्षभरापूर्वीच लग्न होऊन आलेली सून, इंदुमती, अकरा वर्षांची.

त्या वेळच्या रीतीप्रमाणे त्या पोरीचं पुढचं आयुष्य एका अंधाऱ्या खोलीत गेलं असतं. खुद्द वाड्यातच तसं वाटणारे होते. आदल्याच वर्षी महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. आता कायद्याचा कागद आपल्याच उंबऱ्याशी आला होता. त्यांनी सुनेला सोनतळीला नेलं. माळावर, मोकळ्या हवेत. एकटी पडू नये म्हणून बरोबर वेगवेगळ्या जातींच्या मैत्रिणी ठेवल्या, शिक्षक नेमले. ती घोड्यावर बसायला शिकली. लेकाच्या मरणानंतर घोड्याचं नावही काढू नये असं वाटलं असेल या बापाला. तरी त्यानं सुनेला मोकळ्या रानात जाऊ दिलं. त्यांच्या सगळ्या कर्तृत्वात मला हे सर्वांत अवघड वाटतं, आणि सर्वांत मोठं.

महाराज त्या धक्क्यातून सावरले नाहीत. मधुमेह होताच. ६ मे १९२२ ला मुंबईत गेले, अठ्ठेचाळिसावं अजून पुरं व्हायचं होतं. पंचगंगेकाठी अग्नी दिला तेव्हा पणजोबा गर्दीत होते. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभारलं ते गंगाराम कांबळेंनी.

इंदुमतींना डॉक्टर करायचं, दिल्लीला शिकायला पाठवायचं, असा बेत होता. सासरे गेले आणि तो मोडला. त्या तरीही मॅट्रिक झाल्या. पुढे १९५४ मध्ये बायकामुलींसाठी त्यांनी ललिता विहार काढलं. माझी आत्या तिथं शिकली. एवढ्या शिकलेल्या पोरीला स्थळ कुठलं मिळणार, म्हणून भावकीत कुरबुर झाली होती. आजोबांनी ऐकून घेतलं आणि उसाचे पैसे हातात आले तशी फी भरून टाकली. त्या सालचा ऊस राधानगरीच्या पाण्यावर आला होता.