बेनेट अस्थिभंग

अंगठ्याच्या करभास्थीच्या (तळहातातील हाडाच्या) बुडाशी होणारा, सांध्याच्या पृष्ठभागातून तिरका जाणारा अस्थिभंग. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील शल्यचिकित्सक एडवर्ड हॅलरन बेनेट यांनी १८८२ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही संग्रहातील अस्थिनमुन्यांवरून. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १३ वर्षे होती.

मुठीने ठोसा मारताना, किंवा हँडल हातात असताना दुचाकीवरून पडताना, अर्धवट वाकलेल्या अंगठ्यावर लांबीच्या दिशेने आघात होतो. बुडाचा तळहाताकडील लहान तुकडा मजबूत अस्थिबंधामुळे ट्रॅपेझियम या मनगटातील हाडाशी जागच्या जागी राहतो. उरलेले हाड मात्र अंगठा फाकवणाऱ्या लांब स्नायूच्या कंडरेने मनगटाकडे व बाहेर ओढले जाते. म्हणजे सरकतो तो लहान तुकडा नव्हे, तर सबंध अंगठा. बुडाशी सूज, दुखणे आणि चिमटीत जोर न राहणे ही लक्षणे. साध्या एक्स-रेत सांधा तिरपा दिसत असल्याने अंगठ्याचे नेमके समोरून व बाजूने चित्र घ्यावे लागते.

अंगठा ओढून, फाकवून, किंचित आत वळवून बुडावर दाब दिला की हाड सहसा जागेवर बसते. ते तिथे टिकवणे हीच खरी अडचण, कारण स्नायूंची ओढ प्लास्टरमध्येही चालूच असते. म्हणून केवळ प्लास्टर न सरकलेल्या अस्थिभंगालाच पुरते, आणि तेव्हाही पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढावे लागतात. हाड सरकलेले असल्यास ते बसवून त्वचेतून के-वायर (हाड जखडणारी बारीक तार) घालतात. वायर लहान तुकड्यातूनच गेली पाहिजे असे नाही. करभास्थी ट्रॅपेझियमशी किंवा शेजारच्या करभास्थीशी जखडली तरी काम होते. चार ते सहा आठवड्यांनी वायर काढून हालचालींचे व्यायाम सुरू करतात. सांध्याच्या पृष्ठभागात सुमारे १–२ मिमी.पेक्षा जास्त पायरी उरली आणि तुकडा पुरेसा मोठा असला, तर शस्त्रक्रियेने सांधा उघडून बारीक स्क्रू बसवतात.

बुडाचे तीन किंवा अधिक तुकडे झाल्यास त्याला रोलँडो अस्थिभंग म्हणतात (वर्णन १९१०). त्यात तुकडे मोठे असल्यास प्लेट लावतात, चुरा झाला असल्यास बाहेरून चौकट लावून ताण देतात. सांध्याबाहेरच्या अस्थिभंगात सुमारे ३० अंशांपर्यंतचा बाक चालतो, कारण अंगठ्याचा हा खोगिरासारखा सांधा बराच बाक सामावून घेतो.

वायरभोवती जंतुसंसर्ग, त्वचेखालील मज्जातंतूला इजा आणि पुढे संधिवात हे संभाव्य उपद्रव आहेत. मात्र एक्स-रेत दिसणारी सांध्याची झीज आणि रुग्णाचा प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही.