शिवराई : सर्वसामान्यांचे नाणे दुर्मीळ कसे ठरते?

१/ गुंजवणे (ता. राजगड, पूर्वीचा वेल्हे, जि. पुणे) हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. येथून चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढणाऱ्यांना ‘शिवकालीन नाणे’ म्हटले की सोन्याचा होन आठवतो. परंतु सामान्य रयतेचा रोजचा व्यवहार तांब्यावर चाले. त्या तांब्याच्या शिवराईविषयी हा धागा. 🧵

२/ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजेच ६ जून १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याची ग्वाही नाण्यांनी दिली. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’. सभोवतालच्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांत असताना हा मजकूर देवनागरीत होता.

३/ नाणे हा सार्वभौमत्वाचा प्रश्न होता. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडी आला. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, ही त्याची एक मागणी. महाराजांनी रयतेवर तशी सक्ती करण्यास नकार दिला. नाण्याचा कस आणि वजन योग्य असेल, तर लोक ते आपणहून घेतील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

४/ येथे एक समज दूर करावा लागतो. ‘शिव’ हे नाव असलेली प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या हयातीतील नव्हे. महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले. नाण्यावरील त्यांचे नाव मात्र पुढे शतकाहून अधिक काळ टिकले. पेशवाईत अनेक टांकसाळींतून त्याच नावाच्या शिवराया पाडल्या गेल्या.

५/ मग आरंभीची शिवराई ओळखायची कशी? वजन, अक्षरांचे वळण आणि कडेच्या ठिपक्यांचे वर्तुळ यांवरून. आरंभीच्या नाण्यांचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन.

६/ लेखनभेद हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. शिव, शीव, सिव, सीव अशी सर्व रूपे आढळतात. आजच्या वाचकाला ती अशुद्धे वाटतील. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक भेद हा वेगळ्या ठशाचा, कदाचित वेगळ्या टांकसाळीचा, माग असतो.

७/ नाणे हाताने पाडले जाई. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने घाव थोडा सरकला तरी अक्षरे कडेबाहेर जात. म्हणूनच शिवराया विपुल असल्या, तरी सर्व अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई विरळा.

८/ संभाजी महाराजांच्या नावाची नाणी याहून कितीतरी दुर्मीळ. कारकीर्द १६८० ते १६८९, तीही अखंड युद्धाची. आणि पुढे प्रदीर्घ काळ चालले ते थोरल्या महाराजांचे नाव. म्हणजे दुर्मीळता कीर्तीवर नव्हे, किती पाडले आणि किती उरले यावर ठरते.

९/ हाच न्याय दूरदेशीही दिसतो. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये बेसबॉलपटूंची चित्रकार्डे काढली. त्यांतील शेवटची मालिका हंगाम सरताना बाजारात आली. न खपलेला साठा कंपनीने १९६० मध्ये समुद्रात बुडवला. परिणामी त्या मालिकेतील अगदी साधारण खेळाडूंची कार्डेही आज संग्राहक शोधत फिरतात.

१०/ शिवराई समुद्रात बुडाली नाही. ती वापरात झिजली. ब्रिटिश अमलात तिचे चलन मागे पडले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती खेड्यापाड्यांत चालत होती. काही नाणी देवघरात विसावली, काहींना भोक पाडून ती गळ्यात बांधली गेली, आणि काही मोडीच्या तांब्यात गेली.

११/ मागणी वाढली तसे बनावट नाण्यांचे पेव फुटले. दुसरा धोका घरचाच. सापडलेले नाणे चिंच किंवा लिंबू लावून लख्ख करण्याची आपली सवय! त्यात शतकांचा थर निघून जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. अस्सलपणा पारखण्याचा एक पुरावाच आपण घासून टाकतो.

१२/ कायदाही ठाऊक हवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

१३/ राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ पासून जागतिक वारसाही. तेथील मातीतून नाणे गुपचूप उचलले, तर हाती तांबे उरते. ते कोणत्या जोत्यापाशी, कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत पडले होते, हे कायमचे पुसले जाते. होनाचा उल्लेख कागदपत्रांत तरी सापडतो. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्या माणसांच्या व्यवहाराची साक्ष मात्र पुष्कळदा ही शिवराईच देते.

#शिवराई #राजगड #नाणकशास्त्र