विरजी व्होरांचे शिसे

सुरत म्हटली की आपल्याला जर आठवते, हिरे आठवतात. मी मात्र या गावात बंदुकीच्या गोळीचा माग काढत गेले आणि, काय सांगू, तो माग थेट आपल्याच समाजाच्या पेढीवर पोहोचला.

सतराव्या शतकातली बंदूक तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची; मग चाप ओढला की जळता तोडा कानावरच्या दारूला टेकतो आणि बार उडतो. एवढी खटपट होईतो घोडेस्वार अंगावर यायचा! नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे लांबचा नेम धरवत नसे. रायफलीचा वापर सैन्यात सर्रास झाला तो पुष्कळ नंतर. तिच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्यांनी गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. 1857 साली काडतुसांचा भडका उडाला तो अशाच एन्फील्ड रायफलीवरून.

दारूत तीन हिस्से सोरा, उरलेला कोळसा नि गंधक. गोळी शिशाची. आणि सुरतेत शिशाचा घाऊक व्यापार करणाऱ्यांत होते विरजी व्होरा: स्थानकवासी, संघाचे पुढारी, इंग्रज कंपनीला कर्ज देणारे. मसाले, पोवळे, हस्तिदंत, अफू यांच्या जोडीला शिसे.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत हस्तिदंत सरळच दंतवाणिज्यात येतो. विषवाणिज्यात हेमचंद्राचार्यांनी शस्त्रांची विक्रीही घातली आहे. शिशाचे काय? त्याची वजनेही होतात, गोळ्याही होतात. विकणाऱ्याने पुढचे विचारायचे की नाही? मी म्हणते, विचारायचे. स्वयंपाकघरात आपण बायका बटाट्याची चौकशी करतो, मग पेढीवर शिशाची का नको?

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. व्होरांचा वाडा लुटला गेला, जाळला गेला. इंग्रजांची वखार वाचली, कारण जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याची माणसे बंदुका घेऊन दारात उभी राहिली. दोनच वर्षांनी फ्रेंच प्रवासी थेवनो सुरतेत आला, तेव्हाही व्होरा तिथल्या बड्या धनिकांत गणले जात होते.