परवान्याला दिसणारा रंग

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की मीरा रोडला आमच्या इमारतीत घरोघर एक काम चालतं. ट्यूबलाईटजवळ तेल फासलेला कागद लटकवायचा. खाडीकडून, मिठागरांकडून थव्यानं किडे येतात, दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि झोपायच्या वेळेपर्यंत तो कागद काळा होतो. वर्तमानपत्राचं पान त्यासाठी उत्तम. त्यातही रविवारची पुरवणी जास्त चांगली चिकटते, असं आमच्या शेजारच्या भाभींचं मत आहे.

मी पडलो गझलेच्या वाटेनं आलेला माणूस. किडे दिव्याकडे झेपावले की मला शमा आणि परवाना आठवणारच. फारसीतून ही जोडी उर्दूत आली, उर्दूतून मराठी गझलेत. मुशायऱ्यात तर ज्याची पाळी येईल त्याच्यापुढे शमा सरकवायचा रिवाज होता. परवाना म्हणजे आशिक, त्याला जळायचंच असतं, हे आम्ही शायरांनी शेकडो वर्षं गृहीत धरलं. पण ज्योतीचा रंग परवान्याला कसा दिसतो, हे कुण्या शायरानं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. ते विचारलं एका बँकवाल्यानं.

सर जॉन लबक हे त्यांचं नाव. लंडनमधले पेढीवाले, पार्लमेंटचे सदस्य, डार्विनचे शेजारी. इंग्लंडात बँक हॉलिडेचा कायदा १८७१ साली झाला, तो यांच्याच खटपटीनं. घरी मुंग्या पाळण्याचा त्यांना नाद होता. मुंग्यांना आपल्या कोषांवर उजेड पडलेला खपत नाही, त्या लगेच कोष उचलून अंधारात नेतात. लबक यांनी लोलकातून उजेडाचे सात रंग पाडले आणि ते मुंग्यांच्या घरट्यावर सोडले. मुंग्यांनी जांभळ्या उजेडातले कोष उचलले आणि तांबड्यात नेऊन ठेवले, जणू तांबडा म्हणजे त्यांच्या लेखी अंधार. पण त्याहून नवल पुढे होतं. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे माणसाला काहीच दिसत नाही, तिथले कोषही त्यांनी घाईघाईनं हलवले. तिथे अतिनील किरण होते. मग लबक यांनी काचेच्या भांड्यात कार्बन बायसल्फाइड भरून घरट्यावर ठेवलं. आपल्या डोळ्यांना हा द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, पण अतिनील किरण तो अडवतो. मुंग्या त्याच्याखाली सावलीत बसावं तशा निवांत बसल्या. १८८२ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे. माणसाला न दिसणारा रंग किड्याला दिसतो, ही गोष्ट अशी उघडकीस आली.

पुढे म्युनिकला कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्या घेतल्या. मधमाश्या रंगांधळ्या असतात, असं तेव्हाचे एक नामांकित नेत्रतज्ज्ञ ठासून सांगत. फ्रिश यांनी टेबलावर करड्या रंगाच्या बऱ्याच छटांचे चौकोन मांडले, मधेच एक निळा ठेवला आणि निळ्यावरच साखरपाण्याची वाटी. माश्या सरावल्यावर वाटी रिकामी केली, चौकोनांची जागा बदलली. माश्या निळ्यावरच आल्या. तांबड्यावर मात्र त्या फसल्या, गडद करडा आणि तांबडा यांत त्यांना फरक करता येईना. हे १९१४ साली प्रसिद्ध झालं. नोबेल पारितोषिक मिळायला त्यांना १९७३ उजाडावं लागलं, तेही मुख्यतः मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल.

तोवर ही विद्या काचघरांत पोचली होती. थंड देशांत टोमॅटो, काकडी काचेखाली घेतात आणि तिथली ऊब पांढऱ्या माशीलाही मानवते. ही माशी पिवळ्याकडे ओढली जाते, हे इंग्लंडमध्ये लॉइड यांनी १९२१ साली नोंदवलं. १९५१ मध्ये जर्मनीच्या मोरिके यांनी पिवळ्या थाळीत पाणी ठेवून मावा पकडला. पिवळाच का? पानं पिणाऱ्या किड्याला पान हिरवट-पिवळ्या उजेडावरून कळतं. पिवळा पत्रा तोच उजेड पानापेक्षा कितीतरी जोरात परावर्तित करतो. म्हणजे किड्याच्या दृष्टीनं तो पत्रा म्हणजे पानाहूनही पान. आम्ही याला अतिशयोक्ती अलंकार म्हणतो.

आपल्याकडे कृषी खात्याचे लोक पूर्वीपासून सांगत आलेत की रिकाम्या डब्याला पिवळा रंग द्या, वर एरंडेल किंवा ग्रीस लावा आणि काठीवर उपडा घालून पिकात उभा करा. आमच्या ट्यूबलाईटच्या कागदाचाच तो चुलतभाऊ. पुढे नव्वदीच्या दशकात पॉलिहाऊस आली आणि डब्याच्या जागी दुकानातले चिकट सापळे आले.

मीरा रोड स्टेशनबाहेर फुलवाल्याच्या बादलीत जे लांब दांड्याचे डच गुलाब दिसतात, तसे गुलाब आपल्याकडे प्रामुख्यानं पिकतात ते पुणे जिल्ह्यातल्या मावळात. तळेगाव दाभाड्याला तर एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्कच आहे. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनसाठी इथली फुलं परदेशी जातात. तिथल्या एका परिचिताच्या पॉलिहाऊसमध्ये मी अर्धा दिवस काढला. दोनशे मायक्रॉनचं प्लॅस्टिक, त्याखाली दमट ऊब, गुलाबाच्या रांगा आणि शेंड्यांच्या जरा वर टांगलेली पिवळी-निळी कार्डं. पिवळी पांढऱ्या माशीसाठी, निळी फुलकिड्यांसाठी.

या निळ्याबद्दल माझं थोडं वेगळं मत झालं आहे. निळा रंग फुलकिड्यांना ओढतो हे खरं, पण ते प्रामुख्यानं युरोप-अमेरिकेतल्या काचघरांना छळणाऱ्या जातीबद्दल. आपल्याकडे गुलाबावर बऱ्याचदा मिरचीवरचाच फुलकिडा असतो आणि तो पिवळ्या, पोपटी रंगाकडे अधिक जातो. सल्ला बाहेरून आला की किडाही बाहेरचाच आहे असं धरून चालतो. दोन्ही रंग लावून कशावर काय चिकटतं ते मोजणारा शेतकरी मला जास्त शहाणा वाटतो.

मोजणं हेच या कार्डाचं खरं काम. एवढ्याशा कार्डानं कीड संपत नाही, ते कीडीचं हजेरीपुस्तक आहे. हजेरी कमी असेल तर त्या आठवड्याची फवारणी टाळता येते. आणि ती टळणं ही लहान गोष्ट नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर मोकळं रान होतं. इथे वर प्लॅस्टिक, बाजूला जाळी. फुलं तोडणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, फवारल्यावर आत कधी जाता? म्हणाल्या, ‘वास गेला की.’

म्हणून मला रंगाच्या पुढच्या कहाण्यांत रस आहे. १९९६ च्या सुमारास इस्राएलमध्ये येहेज्केल अँटिग्नस आणि सहकाऱ्यांनी अतिनील किरण अडवणारं प्लॅस्टिक पॉलिहाऊसवर घातलं. आत पांढरी माशी घटली आणि ती पसरवते तो टोमॅटोचा पर्णगुच्छ विषाणूही घटला. लबक यांच्या मुंग्यांना जो किरण नकोसा होता, त्याच्यावाचून या माशीचं उडणं-भटकणं मंदावतं. लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा काळवंडू नयेत म्हणून काही बागाईतदार असलं प्लॅस्टिक वापरतातच, माशीचा फायदा वरकडीत. मात्र गुंडाळीवर ‘यूव्ही’ लिहिलं म्हणजे किरण अडले असं नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की प्लॅस्टिक उन्हानं लवकर फाटणार नाही.

जपान्यांनी तर दिवेच कामाला लावले. रात्री पिवळे दिवे लावले की पतंगाच्या डोळ्यांना दिवस असल्यासारखं वाटतं, तो कमी उडतो, अंडी कमी घालतो. फळबागांत ही युक्ती त्यांनी फार पूर्वीच वापरली. आणि २०१८ मध्ये त्यांच्या संशोधकांचा निबंध आला, की दिवसा झाडांवर लाल एलईडीचा उजेड सोडला तर फुलकिड्यांना झाड नीट शोधता येत नाही.

ओघात परवान्याचंही सांगून टाकतो. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक निबंध आला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं, तर बरेच किडे दिव्याकडे झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. आकाश उजळ, म्हणजे ते वर, एवढंच त्यांना लाखो वर्षांपासून माहीत. दिव्याला ते आकाश समजतात, पाठ तिकडे कलवतात आणि फेऱ्यात अडकतात. आशिकी नाही, नुसता दिशेचा घोळ. शमेला पाठ दाखवणारा परवाना मुशायऱ्यात चालेल की नाही, ते मी तरुण शायरांवर सोपवतो.

मावळातल्या माझ्या परिचिताचं गणित वेगळं आहे. लाल एलईडीचं त्यांनी ऐकलं आहे. दहा गुंठ्यांत किती दिवे लागतील, दिवसाची वीज किती तास टिकेल आणि व्हॅलेंटाइनचा भाव त्यातून किती उरेल, हे त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. तूर्त त्यांनी पिवळी कार्डं वाढवली आहेत. त्यांवरचे किडे दर सोमवारी त्या मावशी मोजतात आणि वहीत लिहितात.